वेटिंगला नाव आणि पुण्यात खोलीची शोधाशोध : तुमचे अनुभव सांगा

वळकटी
भाच्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या राउंडला नांदेडातच कॉलेज मिळालंय, पण त्यानं बेटरमेंट घेतलंय, म्हणजे पुढच्या राउंडला आणखी चांगलं मिळतंय का बघणार, डोळे पुण्याकडे. सकाळी ताईचा फोन, "पीजीवाला म्हणतो आजच पंधरा हजार टाका, नाहीतर बेड जाईल. काय करू गं?" आणि मला १९९६ चा जुलै आठवला.

एम.एस्सी.ला मी वेटिंगला नववी. अण्णा आणि मी रात्रीच्या एसटीनं आलेलो, सोबत पत्र्याची ट्रंक. यादी बाहेरच्या फलकावर, पावसाच्या झडीनं शाई उतरलेली. अण्णा एकेका नावावर बोट टेकवत खाली आले. बोट निळं झालं. "नऊच ना गं? सहा तर नाही?" तीनदा विचारलं. मग नारायण पेठेत दारोदार. पहिला प्रश्न कॉलेज कुठलं, आणि वेटिंगला म्हटलं की बोलणंच संपायचं. शेवटी एका वाड्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोली नाही, नुसती कॉट भाड्यानं देऊन, मुली ठेवणाऱ्या काकू भेटल्या. अण्णांनी डिपॉझिटचे पैसे काढले, तर काकू म्हणाल्या, "नंबर लागला की द्या. तोवर ट्रंक राहू दे कॉटखाली."

कॉलेजचं पत्र यायला अठरा दिवस लागले. परत गेले तर ट्रंकेवर काकूंचं जुनं लुगडं टाकलेलं, वरून कौल गळत होतं म्हणून.

तुमचंही लिहा ना.

मिरजची आई
आमचं मेडिकलचं. लेक पहिल्या फेरीत अंबाजोगाईला. हॉस्टेलचे पैसे भरले, गादी, बादली, मच्छरदाणी, सगळी खरेदी. तीन आठवड्यांत अपग्रेड होऊन मिरज! गादी शेजारच्या खोलीतल्या धुळ्याच्या मुलीला देऊन टाकली. दोघी अजून बोलतात. बाकी नंतर, कुकर लावलाय.

गच्चीवरचा
विद्यापीठाच्या हॉस्टेलला साडेतीन महिने पॅरासाईट होतो. नवीन लोकांसाठी सांगतो, दुसऱ्याच्या रूमवर नाव न लावता राहायचं. रेक्टर सर आले की गच्चीवर. गाववाल्याची रूम, दोन कॉटच्या मधल्या जागेत माझी सतरंजी. त्यानं एकदाही कधी जातोस असं विचारलं नाही. माझी रूम झाली तेव्हा मीही दोघांना ठेवलं. एक जण आज तहसीलदार आहे.

श्रावणघेवडा
कॉट बेसिसवरून मेस आठवली. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद! दुपारच्या दोन पोळ्या रुमालात बांधून ठेवायचो.

गच्चीवरचा
@श्रावणघेवडा आमच्याकडे श्रीखंड असलं की रांग जिन्यापर्यंत.

श्रावणघेवडा
आणि वाटीवर दुसरी वाटी मागितली की एक्स्ट्राचं कूपन 😄

इसारकाठ
म्युनिकहून. माझा प्रवेश पक्का होता, वेटिंग खोलीचं. विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत इथं सेमिस्टरच्या सेमिस्टर जातात. दीड महिना एका सोलापूरकर दादाच्या हॉलमध्ये झोपलो. त्यात पत्त्याची सरकारी नोंद करायला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तोही दादानं मालकाच्या मागे लागून आणून दिला. आणि एक, "मी परदेशात आहे, चावी कुरिअरनं पाठवतो, आधी डिपॉझिट टाका" असा मेल आला तर सरळ डिलीट करा. माझ्या वर्गातल्या मुलीचे पैसे असेच गेले, फार रडली बिचारी.

तळ्याकाठी
समाजकल्याणच्या वसतिगृहालाही गुणवत्ता यादी असते. तिथे नंबर नाही लागला तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांनी सरकारच्या स्वाधार योजनेचा अर्ज जरूर करावा. पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये, जेवण आणि राहणं धरून. माझ्या धाकट्या भावाचं शिक्षण त्यावर झालं. सुरुवातीचं भाडं मात्र घरूनच उभं करावं लागतं, आईनं तेव्हा शेळी विकली.

मिरजची आई
@तळ्याकाठी आईंना नमस्कार सांगा.

समितीकर
विद्यार्थी सहाय्यक समितीचं नाव कसं नाही आलं अजून? १९५५ पासून गावाकडच्या मुलांना पुण्यात आधार आहे. डॉ. अच्युतराव आपट्यांनी उभी केली. मुलाखत होते, आणि आत गेल्यावर झाडलोट, वाढप, सगळं स्वतः करायचं. मी चार वर्षं होतो. मुलीनं पहिल्यांदा माहेरी येऊन मी घासलेली भांडी बघितली तेव्हा म्हणाली, बाबा, लख्ख आहेत.

विदर्भमित्र
आम्ही मुंबईला आकाशवाणी आमदार निवासात, आमच्या आमदारांच्या खोलीत. एका बाजूला टाटाला आलेले पेशंट, दुसऱ्या बाजूला वेटिंगवाली पोरं. रात्री दिवा कुणी लावायचा नाही, पेशंटला झोप लागावी म्हणून. मी पॅसेजमध्ये वाचायचो.

इसारकाठ
@विदर्भमित्र हे वाचून गप्पच झालो.

श्रावणघेवडा
वळकटी, पीजीवाल्याचं काय झालं शेवटी?

वळकटी
ताईला म्हटलं, त्याला एकच विचार : सीट नाही मिळाली तर पैसे परत, असं पावतीवर लिहून देतोस का? तो नाही म्हणाला. तिनं पैसे टाकले नाहीत. भाचा राउंड लागेपर्यंत माझ्याकडे राहील, हॉलमध्ये जागा आहे.

मिरजची आई
काकू आहेत का हो अजून?

वळकटी
नाहीत. वाडा पाडला, तिथे बिल्डिंग झाली. ट्रंक आहे माझ्याकडे, गोधड्या ठेवते तिच्यात. आजच सगळ्या बाहेर काढल्यात, भाच्यासाठी. पाऊस आला बघा, दोरीवरच्या आत घेते, मग येते.