मदत हवी आहे : सभासदाने नेलेल्या पुस्तकांची यादी दुसऱ्या कोणाला नाकारण्यासाठी कोणता नियम दाखवावा?

शाईदौत :
मी तालुक्याच्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या एका सभासद मुलीने गेल्या वर्षभरात कोणकोणती पुस्तके घरी नेली, याची तारीखवार यादी तिच्या वडिलांनी लेखी अर्जाने मागितली आहे. मला ती द्यायची नाही, परंतु “कोणत्या नियमाखाली नाही म्हणता?” या त्यांच्या प्रश्नावर मी निरुत्तर झाले. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आणि १९७० चे अनुदान नियम वाचून झाले. वाचकाने काय वाचले हे कोणाला सांगावे वा सांगू नये, याविषयी मला त्यांत काही सापडले नाही. रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे. कृपया नियम किंवा कलम सांगावे, वाचनसंस्कृतीवरील व्याख्यान नको.

जुनी_दाखलवही :
मुलीचे वय किती आहे? सभासदत्व तिच्या स्वतःच्या नावावर आहे की कुटुंबाच्या वर्गणीवर ती पुस्तके नेते? तुमची देवघेव कोणत्या पद्धतीने चालते? एवढे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात बाण मारणे होईल.

कोहाभक्त :
यावर कायमचा उपाय संगणकीकरण हाच आहे. कोहा ही प्रणाली विनामूल्य मिळते, आणि वाचनाचा इतिहास जपायचा की पुस्तक परत येताच पुसायचा, हे ठरवण्याची मुभा तिच्यात सभासदाला देता येते. पुसलेली नोंद एका ‘अनामिक सभासदा’च्या नावे वळवली जाते, त्यामुळे पुस्तक किती वेळा फिरले हा आकडा शाबूत राहतो आणि ते कोणी नेले होते हे मात्र उरत नाही. जे साठवलेलेच नाही, ते मागणार कोण?

शाईदौत :
कोहाभक्त, आमच्याकडे संगणक एकच आहे आणि त्यावर पत्रव्यवहार होतो. मुलगी वीस वर्षांची आहे, वर्गणी आणि अनामत तिची स्वतःची आहे. पुस्तक देताना आम्ही पुस्तकाच्या कार्डावर सभासद क्रमांक व तारीख लिहितो, आणि सभासदाच्या कार्डावरही नोंद करतो. हे सगळीकडे असेच असते, असे समजून मी लिहिले नव्हते.

जुनी_दाखलवही :
सगळीकडे असे नसते, आणि तुमच्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. तुमची पद्धत नेवार्क वळणाची आहे. तिच्यात पुस्तक परत आले तरी ते कोणी नेले होते हे कार्डावर वर्षानुवर्षे राहते. आम्ही ब्राऊन पद्धत वापरत होतो. सभासदाला जितकी पुस्तके नेता येतात तितके खिसे. पुस्तक देताना त्याचे कार्ड सभासदाच्या खिशात घालायचे आणि तो खिसा परतीच्या तारखेच्या फळीमागे ट्रेमध्ये लावायचा. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात, खिसा सभासदाच्या हाती, नोंद संपली. वाचकाची गुप्तता राखायला संगणकच लागतो, हा समज ज्यांनी ट्रे पाहिलेला नाही त्यांचा आहे.

कोहाभक्त :
आणि तपासणीला आकडे काय दाखवायचे? शिवाय एखाद्या सभासदाकडे आज कोणती पुस्तके आहेत हे शोधायला ब्राऊनमध्ये सगळा ट्रे उपसावा लागतो.

जुनी_दाखलवही :
संध्याकाळी ट्रे लावण्यापूर्वी त्या दिवसाची कार्डे विषयवार मोजायची आणि आकडा दैनिक नोंदवहीत लिहायचा. किती पुस्तके गेली ते कळते, कोणी नेली ते कळण्याची गरज नसते. ट्रे उपसावा लागतो हे मान्य, पण आजच्या प्रसंगात तोच त्या पद्धतीचा गुण ठरला असता.

नाना_वाचक :
थकीत पुस्तकांच्या वसुलीसाठी आम्ही सभासदांची नावे आणि पुस्तकांची शीर्षके दर्शनी फलकावर लावतो. आठ दिवसांत पुस्तके परत येतात. हा उपाय करून पाहावा.

दुसरी_प्रत :
नाना, वसुलीविषयी कोणी विचारलेले नाही. शिवाय ज्या माहितीचे रक्षण कसे करावे असे ताई विचारत आहेत, तीच तुम्ही फलकावर लावता आहात. पुस्तक थकले आहे हे सभासदाला पत्राने कळवता येते.

आता मूळ प्रश्न. मी वकिली करते. न्या. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तुमची संस्था शासन नसल्याने तो निर्णय तिच्यावर थेट चालवता येईलच असे नाही, मात्र ठरावाच्या प्रस्तावनेत त्याचा आधार जरूर घ्यावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तरी त्यातील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे, आणि जी माहिती केवळ कागदावर आहे व पुढे संगणकात घेतलेली नाही तिला तो कायदा लागूच होत नाही. म्हणजे तुमची कार्डे त्याच्या बाहेर राहतात. वडिलांचा अर्ज माहिती अधिकारातील कलम ६ खाली आहे का? तसे असेल तर वैयक्तिक माहितीसंबंधीचे कलम ८(१)(ञ) पाहावे लागेल. साधा अर्ज असेल, तर यादी द्यावी असा नियम कुठे आहे हे दाखवण्याचा भार त्यांच्यावर आहे. मुलगी सज्ञान आहे. तिची लेखी संमती आणा, असे उत्तर द्यावे.

चष्माफुटका :
पण मुळात तिने कोणती पुस्तके नेली आहेत? तशीच काही असतील तर वडिलांची काळजीही समजून घ्यायला हवी.

जुनी_दाखलवही :
वडिलांनीही नेमके हेच विचारले आहे. ताई, कृपया उत्तर देऊ नये.

एडिसनकर :
इथे न्यू जर्सीत वाचकाची ओळख पटवणाऱ्या ग्रंथालयीन नोंदी राज्याच्या कायद्यानेच गोपनीय आहेत. वाचकाची संमती, न्यायालयाचे समन्स वा आदेश, किंवा ग्रंथालयाच्या कामकाजाची गरज असल्याशिवाय त्या देता येत नाहीत. जवळच्या कनेटिकट राज्यात २००५ साली केंद्रीय तपास यंत्रणेने गुप्ततेच्या सक्तीसह नोंदी मागितल्या, तेव्हा चार ग्रंथपाल न्यायालयात गेले होते.

कोहाभक्त :
तालुक्याच्या वाचनालयात एका बापाने अर्ज दिला आहे, त्यासाठी अमेरिकेची तपास यंत्रणा कशाला?

एडिसनकर :
अपवाद मोजकेच असावेत आणि आधी लिहून ठेवलेले असावेत, एवढाच मुद्दा होता. ठरावात ते तीन अपवाद जसेच्या तसे घेता येतील.

शाईदौत :
अर्ज साधाच आहे, माहिती अधिकाराचा नाही. एक सांगायचे राहिले होते. हे गृहस्थ आमच्या कार्यकारिणीचे सदस्य आहेत आणि रविवारी ते बैठकीला असतील. कार्डांच्या कपाटाची दुसरी किल्ली कार्यवाहांकडे असते.

दुसरी_प्रत :
हे सर्वांत आधी सांगायला हवे होते! मग अर्जावर निर्णय होत असताना त्यांनी बाहेर बसावे, अशी विनंती अध्यक्षांना लेखी करा आणि तिची पोच घ्या. ठरावात एवढेच असू द्या : देवघेवीच्या नोंदी सभासद स्वतः, देवघेव सांभाळणारे कर्मचारी आणि न्यायालयाचा आदेश यांखेरीज कोणालाही, कार्यकारिणीच्या सदस्यांनाही, दाखवल्या जाणार नाहीत. तपासणी अधिकाऱ्यांना एकूण आकडे द्यावेत.

जुनी_दाखलवही :
अर्ज प्रलंबित असताना जुनी कार्डे मात्र फाडू नका, तुमच्यावरच आरोप येईल. ती पाकिटात घालून मोहोरबंद करा. कार्डांवर नोंद करण्याची पद्धत पुढच्या वर्षापासून बदला.

शाईदौत :
सर्वांचे आभार. रविवारी गृहस्थ बाहेर बसले नाहीत आणि विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला. पाकीट मोहोरबंद करून अध्यक्षांच्या स्वाक्षरीने ठेवले आहे. काल मुलगी स्वतः आली, दोन पुस्तके परत केली आणि सभासदत्व रद्द करून अनामत मागितली. आमच्या अनामत परताव्याच्या नमुन्यात ‘कारण’ असा रकाना आहे. तो कोरा ठेवला, तर लेखापरीक्षणात हरकत निघते का?