युरोपच्या बाजारात गेमिंग कन्सोल कंपनीने पाय कसे रोवावेत?

प्रश्न : वाणिज्य विद्यार्थिनी, रत्नागिरी
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी हा विषय निवडला आहे. सोनी, निन्टेंडो आणि मायक्रोसॉफ्ट यांनी कन्सोलचा (टीव्हीला जोडून किंवा हातात धरून व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्रांचा) बाजार व्यापलेला असताना किंमत कमी ठेवणे एवढाच मार्ग उरतो, की इतर बाबीही निर्णायक ठरतात? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : मांडवीकर
किंमत महत्त्वाची आहेच. २०१३ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन ४ युरोपात ३९९ युरोंना, तर मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स वन ४९९ युरोंना विक्रीस आले. परंतु माझ्या मते त्याहून मोठी चूक वेगळीच होती. मायक्रोसॉफ्टने पहिल्या टप्प्यातील २१ देशांपैकी आठ देश ऐन वेळी वगळले, कारण तेथील भाषा आणि स्थानिक सेवा यांची तयारी झालेली नव्हती. नेदरलँड्स, बेल्जियम, स्वीडन, डेन्मार्क अशा देशांतील ग्राहकांना त्यासाठी सप्टेंबर २०१४ पर्यंत थांबावे लागले, आणि तोवर प्लेस्टेशन ४ त्यांच्या दुकानांत केव्हाच पोहोचले होते. युरोप ही एक बाजारपेठ आहे असे धरून चालणाऱ्याचे गणित तिथेच चुकते.

उत्तर : गुहागरचा दर्यावर्दी
मांडवीकरांशी मी सहमत आहे. जहाजावर नोकरीस असताना मी हॅम्बुर्गहून प्लेस्टेशन आणले होते. युरोपातील पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवी, जपान-अमेरिकेतील ६० वेळा; त्यामुळे नीट रूपांतर न केलेले खेळ सुमारे सहाव्या हिश्शाने संथ चालत आणि पडद्यावर वर-खाली काळे पट्टे राहत. आपल्याकडेही पालच असल्याने घरी तोच अनुभव आला. युरोपीय ग्राहकाने ही दुय्यम वागणूक वर्षानुवर्षे सोसली आहे. प्लेस्टेशन ३ देखील जपान-अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये आले आणि युरोपात २३ मार्च २००७ रोजी, तेही ५९९ युरोंना.

तरीही सोनी तेथे टिकून राहिली, याचे श्रेय मी स्थानिक कामाला देतो. तिच्या लंडनच्या स्टुडिओने आयटॉय (कॅमेऱ्यासमोर हालचाली करून खेळायचा खेळ, २००३) आणि सिंगस्टार (मायक्रोफोनवर गायचा खेळ, २००४) घडवले. सिंगस्टारच्या तर देशोदेशीच्या भाषांतील गाण्यांच्या स्वतंत्र आवृत्त्या निघाल्या. ज्या घरात कोणी कधी खेळ खेळले नव्हते, त्या घरातही त्यामुळे कन्सोल शिरला. नव्या कंपनीने जाहिरातीआधी अशा स्टुडिओंवर खर्च करावा, असे मला मनापासून वाटते.

उत्तर : देवगडची बागायतदार
ताई, नियमांचे प्रकरण प्रकल्पात अवश्य घ्या. फळमाशीमुळे मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, तेव्हा आमच्या हापूसची गोडी काही कामी आली नाही. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली ती प्रक्रिया आणि तपासणी काटेकोर झाल्यावरच. कन्सोलचेही तसेच आहे. हातात धरून खेळायच्या कन्सोलला २८ डिसेंबर २०२४ पासून यूएसबी-सी चार्जिंग बंधनकारक आहे, आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः बदलता यायला हवी. सदोष मालाची कायदेशीर जबाबदारी किमान दोन वर्षे विक्रेत्यावर असते. कोणता खेळ कोणत्या वयासाठी, याचे मानांकन बहुतेक देशांत पेगी या युरोपीय पद्धतीचे चालते, जर्मनीत मात्र तेथील यूएसके या संस्थेचे लागते.

म्हणून माझी सूचना अशी, की नव्या कंपनीने आधी दोन-तीनच देश निवडावेत, तेथे दुरुस्ती केंद्र आणि त्या भाषेत बोलणारा ग्राहक कक्ष उभारावा, आणि मगच पुढच्या देशाची तारीख जाहीर करावी.