जतच्या कन्नड-मराठी पोरांवर पीएच.डी. करावी म्हणते. पोट भरेल का?

सीमेवरची:
नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यातली. घरी कन्नड, सातवीपर्यंत कन्नड माध्यमाची शाळा, आठवीला एकदम मराठी हायस्कूल. आता कोल्हापूरला समाजशास्त्रात एम.ए.चं शेवटचं सत्र. दोन भाषांत शिकणाऱ्या मुलांवर पीएच.डी. करायचं डोक्यात आहे. अप्पा म्हणतात, बी.एड. कर, भरतीला बस, भाषेवर लिहून कुणाचं पोट भरलंय? या वाटेनं कुणी गेलंय का? काम नेमकं काय असतं? आणि खरं सांगा, पैसे कधी दिसतात?

विट्याची बाई:
तुला ‘तू’च म्हणते, माझी लेक तुझ्या वयाची आहे. मी गेले या वाटेनं. आता सांगलीत शिकवते.

काम काय असतं ते एका वहीवरून सांगते. जतच्या पूर्वेला दुसरीच्या वर्गात मागं बसले होते. बाईंनी सांगितलं, सदतीस लिहा. माझ्या पुढच्या पोरानं ७३ लिहिलं. वही उघडून बघितली तर आधीच्या पानावर लाल शाईत ‘गणित कच्चे’. सुट्टीत माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं, मूवत्तेळु बरि, म्हणजे सदतीस लिही. पोरानं झटक्यात ३७ लिहिलं. कन्नडमध्ये तीस आधी, सात नंतर. मराठीत सात आधी. त्यानं जसं ऐकलं तसंच लिहिलं होतं! (हा घोळ मराठी घरातली पोरंही घालतात, पण त्यांना चुलीपुढं दुरुस्त करणारं कुणीतरी असतं.)

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘तीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली आठवतंय? आमच्या त्या पोराला ते घरचंच वाटलं असतं.

पोराच्या डोक्यात काय चाललंय ते मानसशास्त्रवाले बघतील. आपण बघायचं तो लाल शेरा. कुणी मारला, कुणाच्या वहीवर मारला, आणि त्या शेऱ्यावरून पुढं त्याला कुठल्या बाकावर बसवलं. माझे पहिले आठ महिने मुलांच्या चुका मोजण्यात गेले. मार्गदर्शक म्हणाले, अगं, तू शाळेकडं बघितलंच नाहीस. सगळं पुन्हा.

आणि विषय लहान समजू नकोस. आपलं कुपवाड, आज नुसती एमआयडीसी म्हणून माहीत असलेलं, भाषेच्या अभ्यासात जगभर ठाऊक आहे. गंपर्झ आणि विल्सन या दोघा भाषा-अभ्यासकांचा कुपवाडवरचा लेख १९७१ मध्ये आला. गावात कन्नड, उर्दू, मराठी, तेलुगू चारही. शेजारी राहून राहून त्यांचं व्याकरण इतकं जवळ आलं की ‘पाला जरा कापून घेऊन आलो’चं उर्दू ‘पाला जरा काट के ले के आया’, शब्दाला शब्द. कन्नडचंही तसंच. लोक हे कौतुकानं सांगतात. पण भाषा वेगळ्या टिकल्या त्या घरं जातीजातीनं वेगळी राहिली म्हणून, हेही त्यातच आहे. ते सहसा कुणी सांगत नाही.

वाचताना ‘आंतरसांस्कृतिक द्विभाषिक शिक्षण’ हे लांबलचक नाव भेटेल. ते दक्षिण अमेरिकेतलं. पेरू, बोलिव्हियाकडं केचुआ, आयमारा बोलणाऱ्या मुलांसाठी. बोलिव्हियानं १९९४ च्या कायद्यात घेतलं. तिथली जुनी तक्रार अशी, की दोन भाषा शिकायच्या त्या आदिवासी पोरानंच, स्पॅनिशवाल्याला केचुआ कुणी शिकवत नाही. जतमध्ये बघ, मराठी घरातलं किती जण कन्नड वाचतात?

आता पैसे. नेट ही प्राध्यापकीची परीक्षा, जेआरएफ ही त्यातून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती. ती निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात, म्हणजे एका परीक्षेत दोन कामं. नाही निघाली तर तासिका तत्त्व, म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे. मी अकरा वर्षं काढली त्यात. एका कॉलेजात वर्षाचं मानधन दिवाळी उलटल्यावर एकदम यायचं, तोवर किराणावाल्याची वही. अप्पा चुकीचं बोलत नाहीयेत. बी.एड. करून ठेव, त्यानं शाळेत शिरायलाही बरं पडतं.

गलाईवाला:
ताई, मी आटपाडीचा. कोइम्बतूरला सोनं-चांदी गाळायचं दुकान, वडलांपासून. आमची पोरं शाळेत तमिळ, घरी मराठी. यात्रेला गावी आली की चुलतभाऊ हसतात. धाकटा मराठीत भांडतो पण वाचता येत नाही. आमच्यावर पण लिहा की कुणीतरी!

निवृत्त गुरुजी:
पोरी, जत भागात नोकरी काढली. कन्नड न येता पहिलीचा वर्ग घेतला, पोरांनीच मला ‘नीरु’ (पाणी) आणि ‘ऊटा’ (जेवण) शिकवलं. राज्यघटनेत ३५० क आहे, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्यायची सोय. कागदावर. आंतरसांस्कृतिक वगैरे शब्द आम्हाला नवे, पण कर्मवीर अण्णांनी साताऱ्यात १९२४ साली सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात ठेवली होती, ते काय वेगळं? विट्याच्या बाईंना एकच सांगणं: लाल शेरा मारणाऱ्या बाईंच्या वर्गात चार इयत्ता एकत्र होत्या का, तेही लिहा.

विट्याची बाई:
गुरुजी, दोन होत्या. प्रबंधात लिहिलंय, इथं राहून गेलं.

सीमेवरची:
सगळ्यांचे आभार. काल रात्री अप्पा दुधाचा हिशेब करत होते. लिटर कन्नडमध्ये मोजले, डेअरीवाल्याला फोनवर मराठीत सांगितले, मध्ये एकदा अडखळले. मी वहीत टिपून घेतलं. ते म्हणाले, काय लिहितेस? म्हटलं, अभ्यास. नेटचा फॉर्म भरतेय. बी.एड.चं पण बघते.