चोर बीटी, देशी गाय आणि आमचं निंदण

कास्तकार, दारव्हा
तिसऱ्या दिवशीही निंदायला बाया भेटल्या नाहीत. पाऊस थांबेना, डवरा चालेना, पऱ्हाटीपेक्षा तण उंच. शेजाऱ्यानं ‘चोर बीटी’ लावलेलं, म्हणजे तणनाशकानं न मरणारं, सरकारी परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं. वरून तणनाशक मारलं, वावर साफ. पाकिटावर ना कंपनीचं नाव, ना दुकानाची पावती.
2019 आठवा. जूनमध्ये आकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं हेच एचटीबीटी उघड लावलं, तर गुन्हे दाखल झाले. जुलैत बजेटच्या भाषणात झिरो बजेट शेती आली, म्हणजे विकतचं खत-औषध सोडून देशी गायीच्या शेण-गोमूत्रावर चालणारी. कोणतं बियाणं चालावं हे वावरात ठरतच नाही. ‘परदेशी कंपनी’ विरुद्ध ‘देशी गाय’ यातलं भाषणात काय शोभतं, त्यावर ठरतं.

सेंद्रियवाला, वर्धा
गायीवर खापर फोडू नका. झिरो बजेटवाले सुभाष पाळेकर आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, 2016 ला पद्मश्री मिळाली, म्हणून लगेच सरकारी धोरण गोठ्यातून चालतं असं होत नाही. 2002 ला बोंडअळी मारणारं जनुक घातलेलं बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हाही एक गोष्टच विकली होती, फवारणी संपली म्हणून. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं बीजी-2 ची, म्हणजे बीटीच्याच पुढच्या पिढीची, बोंडं पोखरली. त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. माझा पुतण्या आठ दिवस डोळे उघडू शकत नव्हता. आता तुम्ही तणनाशक घेऊन निघालात. तणही सरावतं, भाऊ.

कास्तकार, दारव्हा
अळी काऊन आली, तेही सांगा ना. बीटीच्या पाकिटासोबत बिनबीटी सरकीची लहान पुडी यायची, कडेनं लावायले, म्हणजे अळीले बीटीची सवय लागत नाही. आपण सगळ्यांनी फेकली. म्याबी फेकली.

कृषीचा विद्यार्थी, अकोला
दोघंही एकाच सरकारचं बोलताय, पण गोष्ट खुर्चीनुसार बदलत नाही. बीटी वांगं फेब्रुवारी 2010 ला जयराम रमेश यांनी थांबवलं, तेव्हा काँग्रेसचं सरकार. त्याच वर्षी जीईएसीच्या, म्हणजे अशी जनुक बदललेली बियाणी तपासणाऱ्या केंद्राच्या समितीच्या, नावातली ‘मान्यता’ गेली, ‘मूल्यांकन’ आलं. समितीनं नुसतं जोखायचं, हो-नाही मंत्री म्हणणार! 2022 ला जीएम (जनुक बदललेल्या) मोहरीला हिरवा कंदील मिळाला, तर 2024 ला त्यावर सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं. गुजरातेत 2001 ला चोरीचं बीटी आधी वावरात सापडलं, परवानगी 2002 ला आली. चोर बीटीवाले त्याच आशेवर आहेत.

सेंद्रियवाला, वर्धा
आशेवर असोत. पण बिनपावतीचं बियाणं उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार? उशीर लागतो म्हणून तपासणीच नको, हे मला पटत नाही. आणि श्रीलंकेनं 2021 ला रासायनिक खत एका झटक्यात बंद करून सहा-सात महिन्यांत माघार घेतली, तेही मी मूर्खपणाच मानतो. मला दोन्हीकडची घाई नको.

निंदणवाली, दिग्रस
तुमी सगळे निंदणाले खर्च म्हणता. आमाले ते मजुरी हाय. पोळ्यापर्यंत माह्या मायचं घर त्याच्यावरच चालते. कंपनीच्या भाषणात आमी नाई, गायीच्या भाषणात बी नाई. झिरो बजेटमध्ये तण काय गाय काढते का?

कास्तकार, दारव्हा
ताई, खरं हाय. उद्या चारजणी येसान का?

निंदणवाली, दिग्रस
तीनशे रोज. अन् आटो तुमचा.