अनुभव धागा : अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर घरीच का बनवावेसे वाटतात?

दोन हजार रुपयांच्या आत बऱ्यापैकी वाजणारा ब्लूटूथ स्पीकर आज कोणत्याही दुकानात मिळतो, आणि चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी नुसता ट्रान्सफॉर्मर घ्यायचा म्हटला तरी तेवढे पैसे सहज जातात. त्यामुळे पैसे वाचतात म्हणून आज कोणी हा उद्योग करत असेल, यावर माझा विश्वास नाही. तरीही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) आणि कपॅसिटर पारखत उभी असलेली माणसे दिसतात, आणि त्यांत कॉलेजातली मुलेही असतात. जोडणी कशी करावी याची चर्चा येथे नको. ज्यांनी स्वतः काही बनवले, त्यांनी त्यामागची ओढ कशाची होती आणि ती पुढे टिकली की नाही, हे लिहावे. ‘समाधान मिळते’ एवढ्यावर कृपया थांबू नये. ते सगळ्यांनाच मिळते.

पुणे, निवृत्त अभियंता

आमच्या वेळी ओढबीढ काही नव्हती, गरज होती. सत्तरच्या दशकात परदेशी स्टिरिओ ही कोणी नातेवाईक बाहेरून आला तरच घरात येणारी वस्तू होती आणि येथे तयार होणारे चांगले यंत्र पगारात बसत नसे. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक १९६९ साली सुरू झाले होते. त्यातले परिपथ वहीत उतरवून घ्यायचे, सुटे भाग जमवायचे, ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घ्यायचा आणि पेटी सुताराकडून करून घ्यायची, असा क्रम असे. आधी जर्मेनियमचे एसी १२८ ट्रान्झिस्टर होते, मग दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख असलेली टीबीए ८१० ही आयसी आली आणि एका चिपमधून सात वॅटपर्यंत आवाज मिळू लागला.

गरज संपल्यावरही मी हे का सोडले नाही, याचे उत्तर एका क्षणात आहे. बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर सगळे जोडून झाले की इनपुटच्या तारेला बोट लावायचे. घरातल्या वायरिंगमधली पन्नास सायकलची वीज आपल्या शरीरात अंशमात्र उतरलेली असते, ती स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ अशी ऐकू येते आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू झाल्याचे कळते. गाणे त्यानंतर. मला अजूनही विविध भारतीपेक्षा त्या ‘घूं’चे कौतुक अधिक आहे, हे घरच्यांना सांगण्यात अर्थ नसतो.

इचलकरंजी, मंडप आणि साउंडचा व्यवसाय

माझे कारण व्यावसायिक आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. हंगामात स्पीकरची कॉइल जळाली की तो रीकोन करून, म्हणजे नवी कॉइल आणि पडदा बसवून, घ्यावा लागतो, आणि तेच ते स्पीकर पुन्हा पुन्हा का जळतात याचा शोध घेताना बॉक्सपाशी येऊन पोहोचलो. प्लायवूडचा बॉक्स कोणीही ठोकतो. पण आतली हवा किती घनफूट हवी आणि पोर्टची, म्हणजे बॉक्सला ठेवलेल्या नळीसारख्या तोंडाची, लांबी किती हवी, हे त्या स्पीकरच्या मापांवर ठरते. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी ती मापे आणि त्यांची गणिते मांडली आणि ती आता मोबाइलवरही करता येतात. पोर्ट ज्या कंपनसंख्येवर जुळवलेला असतो, तिच्या खालचा आवाज दिला की स्पीकरच्या पडद्याला हवेचा आधार राहत नाही आणि तो वाजवीपेक्षा जास्त पुढेमागे होतो. हे समजल्यापासून खालचे सूर आधीच कापून देतो, आणि कॉइली टिकतात. बॉक्स आता स्वतःच बनवतो.

मिरज, जुन्या तबकड्यांचा संग्राहक

आमच्या गावात तंबोरे बनतात आणि दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, त्यामुळे त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवणे ओघानेच आले. खाँसाहेब १९३७ साली गेले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत, आणि तेवढ्यात राग उभा राहतो की नाही हे ऐकायचे, तर मधला अडथळा कमीत कमी हवा. आजच्या टर्नटेबलवर त्या तबकड्या ऐकल्या तेव्हा आवाज दबलेला, जाड चादरीआडून आल्यासारखा वाटला. दोष तबकडीचा नव्हता.

तबकडी कोरताना खालचे सूर कमी करून आणि वरचे वाढवून कोरतात, आणि वाजवताना प्रीअ‍ॅम्पने (मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी बसणाऱ्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरने) नेमके उलट करायचे असते. हे प्रमाण पन्नाशीच्या दशकात आरआयएए (अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना) या नावाने ठरले आणि आजचा जवळजवळ प्रत्येक फोनो प्रीअ‍ॅम्प त्याच प्रमाणाने चालतो. वीस हर्ट्झला तो जवळजवळ वीस डेसिबल चढवतो आणि वीस हजारला जवळजवळ तेवढेच उतरवतो. त्याआधी मात्र प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा होता, आणि ७८च्या बहुतेक जुन्या तबकड्यांत वरचे सूर फारसे वाढवलेलेच नव्हते. जे वाढवलेले नाही ते आजचा प्रीअ‍ॅम्प इमानेइतबारे कापून टाकतो, आणि त्याबरोबर तानेची धारही जाते.

तबकडीच्या कंपनीप्रमाणे हिशेब बदलता येईल असा फिरता खटका असलेला प्रीअ‍ॅम्प परदेशात विकत मिळतो, परंतु त्याची किंमत पाहून मी सोल्डरिंग आयर्न हाती घेतले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तबकड्यांसाठी वेगवेगळे रोध (रेझिस्टर) आणि कपॅसिटर रोटरी स्विचवर बसवले आहेत; खटका फिरवला की तोच षड्ज जागच्या जागी उघडत जातो. सुईही वेगळी लागते, कारण एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला जाऊन खरखर गोळा करते. सगळ्यांत जास्त वेळ मोटरच्या वेगाने खाल्ला. तेव्हाची ध्वनिमुद्रणे सगळीच नेमक्या ७८ फेऱ्यांवर झालेली नाहीत, आणि चार फेऱ्यांचा फरक पडला तरी पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकते. म्हणून वेग सावकाश बदलता येईल असा पुरवठा बनवला आणि आता तंबोरा शेजारी ठेवून जुळवतो. हे कोणत्या कारखान्याने माझ्यासाठी करायचे?

नाशिक, भौतिकशास्त्राची प्राध्यापिका

मिरजकरांचा शेवटचा प्रश्न माझाही आहे. आईला वयामुळे वरच्या पट्टीतले ऐकू येत नाही, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने नेमकी तेथेच असतात. त्यामुळे तिला आकाशवाणीच्या बातम्या मोठ्याने ऐकू येत, पण समजत नसत. आवाज वाढवला की स्वर वाढत आणि शब्द तितकेच पुसट राहत. श्रवणयंत्र लावायला ती तयार नाही, हा विषय आमच्या घरी संपलेला आहे. मी रेडिओच्या पुढे लहान अ‍ॅम्प्लिफायर बसवला, त्यात दोन हजार हर्ट्झच्या वरचा भाग उचलला, खालचा थोडा कापला आणि तिच्या संधिवाताच्या बोटांना पकडता येईल एवढी मोठी एकच घुंडी ठेवली. बेस-ट्रेबलचा जो परिपथ मी वापरला, त्याचे मूळ पीटर बॅक्झंडॉल यांनी १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये दिले होते. आता ती निवेदकांच्या उच्चारांच्या चुका काढते.

ठाणे, सॉफ्टवेअर अभियंता

विरोधी सूर लावतो. घरी बनवलेल्या यंत्राचा आवाज ‘अधिक मोकळा’ आहे असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा दोन्ही यंत्रांची पातळी मोजून सारखी केली होती का, हे विचारावे. एखादा डेसिबल आवाज मोठा असला तरी कानाला तो मोठा न वाटता चांगला वाटतो, आणि त्यातून महागड्या तारांचे व्यापार चालतात. मला गोडी लागली ती मोजण्याची. मोजमापाचा मायक्रोफोन आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर यांनी खोली तपासली, तेव्हा समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर असल्यामुळे सुमारे ५७ हर्ट्झवर बेस फुगतो, हे दिसले. अ‍ॅम्प्लिफायर बदलून त्यात काडीचा फरक पडत नाही. सोफा हलवून पडतो. त्यानंतर मी फक्त स्पीकर बनवतो.

मिरज

ठाणेकरांचे म्हणणे मान्य आहे. माझा खटका मात्र कोणत्याही मोजणीत दिसेल.

लीड्स, इंग्लंड

जॉन लिन्स्ली हूड यांचा दहा वॅटचा क्लास ए (ज्यात आउटपुटचे ट्रान्झिस्टर सतत चालू राहतात असा) अ‍ॅम्प्लिफायर याच देशातल्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये एप्रिल १९६९ साली छापला गेला, आणि लोक तो अजून बनवतात. स्टिरिओच्या एका बाजूला फक्त चार ट्रान्झिस्टर आहेत. माझ्या फोनमध्ये किती आहेत हे मी सांगू शकत नाही आणि त्यातला एकही काय करतो हे मला दिसत नाही. येथे मात्र चारांपैकी प्रत्येकाचे काम मला पाठ आहे आणि कोणत्या रोधाची किंमत बदलली तर काय होईल हे आधी सांगता येते. माझ्यापुरती ओढ एवढीच आहे. आवाजाबद्दल ठाणेकरांशी वाद घालणार नाही. दहा वॅटसाठी प्रत्येक बाजू गाणे चालू असो वा नसो तीसेक वॅट सतत उष्णतेत घालवते, आणि येथल्या जानेवारीत त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. आउटपुटसाठी २एन३०५५ हे पॉवर ट्रान्झिस्टर वापरायचे आहेत, पण हल्ली ऑनलाइन मिळणारे बरेच नकली निघतात.

पुणे, निवृत्त अभियंता

लीड्सकरांनी संशय असलेल्यांपैकी एकाची धातूची टोपी करवतीने कापून पाहावी. नकली असेल तर आत बहुधा तांदळाच्या कणीएवढी चिप दिसते आणि ती हा भार सोसत नाही. माझ्याकडे ऐंशीच्या दशकातले काही न वापरलेले पडून आहेत. भाचा डिसेंबरात मँचेस्टरला जाणार आहे, त्याच्याबरोबर पाठवता येतील. मात्र ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये घालायच्या अभ्रकाच्या चकत्या तेथेच घ्याव्यात, माझ्याकडच्या संपल्या आहेत.