फेनिटोइनची एक गोळी वाढवल्यापासून वडिलांचा तोल जातो आहे: मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या वडिलांना (वय ७१, वजन ५४ किलो) काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यानंतर त्यांना फिट्स येऊ लागल्या. तेव्हापासून ते फेनिटोइन सोडियमच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, सकाळी एक व रात्री दोन, नियमितपणे घेत आहेत. गेल्या महिन्यात, बऱ्याच काळाने, पुन्हा एक फिट आली. तेव्हाच्या रक्ततपासणीत फेनिटोइनची पातळी ११.२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) २.९ ग्रॅम प्रति डेसिलिटर आले. अहवालावर अपेक्षित पातळी १० ते २० अशी छापलेली असल्यामुळे, ‘अजून बरीच जागा आहे’ असे सांगून गावातील डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी वाढवली. आमचे न्यूरॉलॉजिस्ट पुण्याला असतात आणि त्यांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.

सुरुवातीचे काही दिवस ठीक गेले; मात्र आता वडील पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत चालतात. वर्तमानपत्राच्या ओळी दोन-दोन दिसतात, असे ते म्हणतात. कडेला बघायला सांगितले की त्यांची बुबुळे थरथरतात. दुपारी जेवता जेवता त्यांना डुलकी लागते. शेजारच्या काकांच्या मते हा वयाचा परिणाम आहे, पण महिन्याभरात एवढे वय कोणाचे वाढत नाही.

माझे प्रश्न असे: तीनाच्या चार गोळ्या केल्याने एवढा फरक पडू शकतो का? आज रात्रीची वाढीव गोळी आम्ही स्वतःहून वगळावी का? आणि पातळीची तपासणी पुन्हा करायची असल्यास रक्त कोणत्या वेळी द्यावे?

एक सांगायचे राहिले. मांडीवरील नायट्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेली फ्लुकोनॅझोलची गोळीही याच काळात रोज सुरू आहे. त्याचा याच्याशी संबंध असेल असे वाटत नाही, तरी नोंदवून ठेवते.

प्रतिसाद

ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर नाही. तुम्ही शेवटी नोंदवलेली गोष्ट मी सर्वांत आधी घेतो. यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) फेनिटोइनचा निचरा होतो, त्यालाच फ्लुकोनॅझोल अडवते, त्यामुळे डोस न वाढवताही फेनिटोइनची पातळी बरीच चढू शकते. तुमच्याकडे तर डोसही वाढला आहे.

दुसरे असे की हे औषध गोळ्यांच्या हिशेबाने वाढत नाही. मोरीचे तोंड जेवढे पाणी ओढते त्याहून थोडे जास्त ओतले तरी पाणी तुंबू लागते, तसे यकृताची क्षमता संपत आली की थोड्याशा वाढीनेही रक्तातील पातळी दुप्पट होऊ शकते. म्हणूनच पातळी दहाच्या आसपास पोहोचल्यावर बहुधा ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून लहान टप्प्याने वाढवतात.

शिवाय तुमच्या अहवालातील ११.२ हा आकडा फसवा आहे. फेनिटोइनचा सुमारे ९० टक्के भाग अल्ब्युमिनला चिकटलेला असतो आणि काम करतो तो उरलेला मोकळा भाग. अल्ब्युमिन कमी असले की मोकळ्या भागाचे प्रमाण वाढते, पण एकूण पातळी कमी दिसते. प्रचलित सूत्र असे: मोजलेली पातळी भागिले (०.२ गुणिले अल्ब्युमिन, अधिक ०.१). म्हणजे ११.२ भागिले ०.६८, साधारण १६.५. हा केवळ अंदाज आहे. मोकळ्या फेनिटोइनची तपासणी उपलब्ध असेल तर ती अधिक भरवशाची. तरीही डोस वाढवण्यापूर्वीच फारशी ‘जागा’ उरली नव्हती, एवढे यावरून म्हणता येईल.

बुबुळे थरथरणे, दोन-दोन दिसणे, तोल जाणे, गुंगी येणे ही पातळी प्रमाणाबाहेर गेल्याची नेहमीची लक्षणे आहेत. त्यामुळे पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. न्यूरॉलॉजिस्टांच्या दवाखान्यात आजच फोन करून फ्लुकोनॅझोलचा स्पष्ट उल्लेख करा आणि रात्रीच्या गोळीबद्दल त्यांनाच विचारा. फोन लागला नाही, किंवा वडील पडले, उलट्या झाल्या, गुंगी वाढली, तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. सगळ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. एकाएकी औषध तोडल्यास न थांबणारी फिट येण्याचा धोका असतो.

एरवी नियमित तपासणीसाठी सकाळच्या गोळीपूर्वी रक्त देतात, परंतु अशी लक्षणे असताना वेळेसाठी थांबू नये. शेवटची गोळी केव्हा घेतली तेवढे लिहून द्यावे.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. फोन लागला, त्यांनी आत्ताच घेऊन यायला सांगितले आहे, म्हणून निघतो आहोत. तिथे आणखी काही विचारायला हवे का?

प्रतिसाद

दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. फ्लुकोनॅझोल थांबवायचे ठरल्यास त्याचा अंमल काही दिवसांत ओसरेल आणि फेनिटोइनचा निचरा पुन्हा वेगाने होऊ लागेल. म्हणजे आज कमी केलेला डोस पुढे अपुरा पडून फिट येऊ शकते. तेव्हा पुढची पातळी व अल्ब्युमिन कधी तपासायचे, याची तारीख आजच चिठ्ठीवर लिहून घ्या.