एक्झॉस्ट बदलल्यापासून गाडी २४०० आरपीएमला घुमते, आणि पेस्टीचा तळ ओला राहतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अडचणी दोन आहेत, एक गाडीची आणि एक ओव्हनची. खरं तर वेगळे धागे काढायला हवे होते, पण दोन्ही रविवारच्या आत निस्तरायच्या आहेत. आमचा गाडीवेड्यांचा कट्टा आहे आणि या वेळी खाणं माझ्याकडे.

गाडी चार सिलिंडरची, १.६ लिटर पेट्रोल, टर्बो नाही. महिन्यापूर्वी कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागची सगळी लाइन बदलली. मूळ पाईप ४५ मिमीचा होता, आता ६३ मिमी आहे. मधला रेझोनेटर (आवाज दाबणारा डबा) काढून टाकला, कारण गॅरेजवाला म्हणाला, तो नुसता अडथळा असतो. मागचा मफलर आरपार नळीचा: आत जाळीची नळी, भोवती काचतंतूचं भरण.

४००० च्या वर आवाज असा की विचारू नका. पण २३०० ते २५०० च्या मध्ये, म्हणजे नेमकं टॉप गिअरला निवांत चालवताना, केबिनमध्ये घूंऽऽ असा घुमारा बसतो. कानांना दडे बसतात. आई मागे बसली होती, तिने विचारलं, "जवळपास गिरणी आहे का रे?" शिवाय खाली ओढ कमी झाल्यासारखी वाटते. तो कदाचित माझ्या मनाचा खेळ असेल.

हँगरची (पाईप गाडीखाली टांगून धरणाऱ्या कड्यांची) रबरं नवी टाकून झाली, क्लॅम्प आवळून झाले. फरक शून्य.

आता पेस्टी. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची ती अर्धगोल, कडेला मुरड घातलेली. खिमा, बटाटा, गाजर, कांदा रश्शासकट शिजवून सारण केलं, गरमच भरलं आणि भाजलं. दोनांतल्या एकीची मुरड उसवली, आणि दोघींचा तळ ओल्या पुठ्ठ्यासारखा. कुठे चुकलं?

तेलकट_हात:
ओढ कमी होणं मनाचा खेळ नाही. टर्बो नसलेल्या १.६ ला ६३ मिमी फार झाले, ५० च्या आसपास पुरतं. नळी रुंद झाली की वायूचा वेग पडतो, आणि त्या वेगाच्या जोरावर पुढची पाळी असलेल्या सिलिंडरमधला धूर ओढला जातो तोही कमी होतो. खालच्या आरपीएमला हे आधी जाणवतं.

जुना_चालक:
म्हणूनच म्हणतात, इंजिनला थोडं बॅक प्रेशर (धुराला मागे रेटणारा दाब) लागतंच.

तेलकट_हात:
नाही हो काका, लागतो तो वेग. बॅक प्रेशर कुठल्याच इंजिनला नको असतं. बारीक नळीत दोन्ही एकदम वाढतात, म्हणून श्रेय चुकीच्या माणसाला मिळतं.

सूर_आणि_स्पॅनर:
घुमाऱ्याकडे वळू. हिशोब सोपा आहे. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे. फोर-स्ट्रोक चार सिलिंडरमध्ये प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे ८० हर्ट्झ. एवढा खालचा सूर काचतंतूला दाद देत नाही. ते भरण वरचे, कर्कश सूर शोषतं. म्हणून ४००० ला तुझी गाडी सुरेल आणि २४०० ला गिरणी. गॅरेजवाल्याने ज्याला अडथळा म्हटलं, तो असल्याच सुरांसाठी तिथे होता.

उपाय: मफलरच्या अलीकडे मुख्य नळीला एक आंधळी फांदी जोड, शेवट बंद. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या पाव हवी. लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते तोवर अर्धी लाट मागे पडलेली असते, आणि मूळ लाटेला खाऊन टाकते. फांदीत वायू वाहत नाही, त्यामुळे ओढीवर परिणाम जवळजवळ नाही.

लांबी काढताना मात्र हवेतला ३४३ मीटरचा वेग धरू नकोस, सगळे तिथेच फसतात. फांदीतला वायू तापलेला असतो. १०० अंशाला आवाजाचा वेग साधारण ३८७ होतो. ३८७ भागिले ८०, त्याचा पाव: १.२१ मीटर. थंड हवेचा आकडा धरला असतास तर १.०७ ची फांदी कापून बसला असतास. म्हणून थोडी लांबच घे, टोकाला सरकणारं झाकण ठेव, रस्त्यावर जुळव आणि मग वेल्ड कर. नळी वाकवली तरी चालते, खाली जागा कुठे असते!

आधी फोनवर स्पेक्ट्रमचं अ‍ॅप लावून सूर खरंच ८० चा आहे का ते बघ. आणि लाइन तापल्यावर पुन्हा खाली वाक. स्टीलची अडीच मीटर नळी ३०० अंशांनी तापली तर सेंटीमीटरभर वाढते. थंड असताना न टेकणारा पाईप गरम झाल्यावर बॉडीला टेकू शकतो.

पीठ_मळणारी:
गाडीतलं कळत नाही, पेस्टीचं सांगते. सारण शिजवायचंच नाही! मांस बारीक कापायचं, बटाट्याचे पातळ काप करायचे, सगळं कच्चंच भरायचं. पारीच्या आत ते आपल्याच वाफेवर शिजतं आणि सुटलेला रस बटाटा पितो. तुम्ही रस्सा भरलात, तोही गरम. पारीतलं लोणी ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळलं, मग तळ कसा धरणार?

मीठ अगदी भरताना घाला, आधी घातलं तर पाणी सुटतं. मळलेलं पीठ फ्रिजमध्ये तासभर तरी ठेवा. ट्रे ओव्हनमध्येच तापवून घ्या. २०० अंशाला २० मिनिटं, मग १७० ला अर्धा तास. वरून सुरीने एक चीर द्या, नाहीतर वाफ मुरडीतूनच वाट काढणार.

आणि गाजर घातलंत तर तिला कॉर्निश म्हणू नका. २०११ मध्ये त्या नावाला युरोपात भौगोलिक संरक्षण मिळालं. त्यात गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड (पिवळ्या गराचा सलगमाचा भाऊ) एवढंच बसतं, मुरडही कडेलाच हवी. आणि ती कॉर्नवॉलमध्येच बनलेली लागते, म्हणजे तुमची तशीही बसणार नाही.

जुना_चालक:
थोडक्यात, पेस्टीला एक भोक कमी पडलं आणि गाडीला एक बंद नळी.

धागाकर्ता (शनिवार रात्र):
सर्वांचे आभार. अ‍ॅपने ८१ दाखवलं. १.३ मीटरची फांदी जोडून झाकण सरकवत गेलो, १.१८ वर घुमारा ओसरला. पूर्ण गेला नाही, पण आई आज पुढे बसून झोपली. नळी ५० ची करायची की नाही, ते पुढच्या महिन्यात बघू. गाडी अजून गरम असताना खाली वाकून पाहिलं, डाव्या बाजूला पाईप आणि बॉडीमध्ये बोटभरही जागा नाही. तो हँगर उद्या हलवतो.

कच्च्या सारणाची पहिली पेस्टी निघाली. तळ खडखडीत, चीर दिल्यामुळे मुरड शाबूत. बटाट्याचे काप जरा जाड झाले, मध्ये कच्चे राहिलेत. @पीठ_मळणारी, काप किती मिलिमीटरचे करता?